जुन्या शाळेच्या मार्चिंग बँडची स्पर्धा बघायला जाताय? मग एवढं वाचून जा

ऑक्टोबर लागला की आमचा बास ड्रमवाल्यांचा जुना ग्रुप जागा होतो. एरवी वर्षभर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि एखादं मीम, बाकी शुकशुकाट, पण ऑक्टोबरात कुणीतरी विचारतंच, "या शनिवारी कोण कोण येतंय?" मी दरवर्षी जाते, डॅलसजवळच्या माझ्या हायस्कूलच्या बँडची स्पर्धा बघायला, आणि पहिल्या वर्षी जेवढे घोळ घालता येतात तेवढे सगळे घालून झालेत म्हणून म्हटलं लिहून ठेवावं. इथली बरीच मराठी पोरं हल्ली बँडमध्ये असतात, कॉलेजला गेली की पहिल्याच संधीला जुना बँड बघायला धावत येतात, त्यांना उपयोग होईल.

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मी आठवीत पुण्याहून इथे आले आणि नववीत बँडमध्ये गेले, तेव्हा आजीने फोनवर काळजीने विचारलं होतं, "म्हणजे वरातीत वाजवणार का गं?" वरात नाही आजी. फुटबॉलच्या मैदानावर शंभर-दोनशे पोरं वाजवत वाजवत चालतात, चालता चालता आकृत्या बनवतात, मोडतात, परत बनवतात, सोबत झेंडे आणि लाकडी रायफली उडवणारं कलर गार्ड असतं, पुढे मरिंबा-व्हायब्राफोन लावून पिटवाले उभे असतात. शो सात-आठ मिनिटांचा, आणि तो एकच शो जुलैच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत घासायचा. पथकात वाजवलेल्यांना हे पटकन कळतं, महिनोन्‌महिने सराव कशासाठी तर विसर्जनाच्या एका दिवसासाठी, तसंच.

मी तिसरा बास वाजवायचे. बास ड्रम पाच असतात, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि एका ओळीतले सूर पाच जणांत वाटलेले असतात, म्हणजे धडधडधडधड असं जे एकसंध ऐकू येतं त्यात माझे ठोके दोन किंवा तीनच, ते बरोबर फटीत पडायला हवेत. ड्रमचं तोंड प्रेक्षकांकडे यावं म्हणून बासवाला आडवा, गोलपोस्टकडे तोंड करून उभा असतो. त्यामुळे चार वर्षांत मला शो म्हणून जे दिसलं ते म्हणजे दुसऱ्या बासवाल्याची मान आणि त्याच्या हार्नेसचा, म्हणजे ड्रम अंगावर पेलणाऱ्या सांगाड्याचा, पट्टा. आमच्या शोमध्ये मधोमध एक मोठ्ठं वर्तुळ फिरायचं म्हणे, मला ते नंतर व्हिडिओत कळलं. म्हणून माझं म्हणणं आहे की जुन्या मेंबराने स्पर्धेला जायचं ते आठवणी काढायला नाही, जे आत असताना कधी दिसलंच नाही ते बघायला जायचं. बाकी सगळ्या टिपा यातूनच निघतात.

आता कुठल्या स्पर्धेला जायचं. टेक्ससमध्ये तीन तऱ्हा आहेत. एक, गावोगावच्या शनिवारच्या स्पर्धा, कुठल्यातरी शाळेने भरवलेल्या, मोकळं वातावरण. दुसरी यूआयएलची, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग, टेक्ससमधल्या शाळांच्या स्पर्धा भरवणारी संस्था, तिच्या पहिल्या टप्प्याला नंबर काढत नाहीत, एक ते पाच अशी श्रेणी देतात आणि सगळ्यांना हवी असते एक. तिथून पुढे एरिया, मग स्टेट, आणि स्टेट म्हणजे सॅन अँटोनियोचा अलामोडोम, छत असलेलं बंद स्टेडियम. तिसरी बँड्स ऑफ अमेरिकाची, दिवसा प्रिलिम्स, रात्री फायनल्स, आणि तिचा कळस म्हणजे नोव्हेंबरातली ग्रँड नॅशनल्स, ती २००८ पासून इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. पहिल्यांदा परत जाताय तर साध्या शनिवारच्या स्पर्धेला जा. डोममध्ये आवाज घुमतो, गर्दी असते, पोरं टेन्शनमध्ये असतात, पालक तर त्याहून, तुम्हाला भेटायला कुणाला वेळ नसतो.

आणि सप्टेंबरात जाऊ नका. सप्टेंबरात बऱ्याच बँडचा शो अर्धाच बसवलेला असतो, शेवटचा भाग पोरं नुसती उभं राहून वाजवतात, गार्डचे अर्धे झेंडे शिवून व्हायचे असतात. शिवाय डॅलसचं ऊन. ऑक्टोबरचा शेवट बरा.

वेळापत्रक मिनिटांच्या हिशोबात असतं, तुमचा बँड ४:१५ ला म्हणजे ४:१५ ला, आपल्याकडच्यासारखं "साडेचारपर्यंत पोचू" चालत नाही. एका बँडचा शो चालू असताना स्टँडमध्ये कुणाला सोडत नाहीत, दारावर एक काका नाहीतर काकू हात आडवा करून उभ्या असतात आणि त्यांना दयामाया नसते. मी एकदा नाचोज घ्यायला गेले, रांग संपेना, परत आले तर काकूंनी थांबवलं, आणि आमचा अख्खा शो मी काँक्रीटच्या भिंतीमागून ऐकला, हातात गार पडत चाललेलं चीज. तर तासभर आधी पोचा, खाणंपिणं, बाथरूम सगळं आधीच्या दोन बँडच्या आधी उरका. वीज चमकली तर मैदान आणि स्टँड रिकामे करतात आणि शेवटच्या विजेनंतर अर्धा तास थांबावं लागतं, परत चमकली की परत अर्धा तास, अशा वेळी सगळं वेळापत्रक पुढे सरकतं, म्हणून संध्याकाळचे दुसरे प्लॅन ठेवू नका.

बॅगचं बघा. बहुतेक स्टेडियममध्ये पारदर्शक बॅगच लागते, आपली कापडी पिशवी गाडीत परत ठेवून या म्हणतात आणि गाडी असते मैलभर लांब. बसायला काहीतरी घ्या, अ‍ॅल्युमिनियमचे बाक उन्हात तापतात आणि रात्री नऊनंतर बर्फ होतात. स्वेटर घ्या, आई सांगते तसंच.

जुनं लेटर जॅकेट, म्हणजे शाळेचं ते मानाचं जॅकेट, घालून जायचं का? मी घातलं होतं पहिल्या वर्षी. पाठीवर नाव, बाहीवर वर्ष, छातीवर सगळी पदकं, छुमछुम आवाज करत फिरत होते. कुणी काही बोललं नाही पण आज फोटो बघितला की लाज वाटते. शाळेच्या रंगाचा साधा टीशर्ट घाला, आणि या वर्षीच्या शोचा टीशर्ट बूस्टरच्या, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या, टेबलावर मिळतो तो विकत घ्या, पैसे बँडलाच जातात.

लॉटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ही जागा माझी सगळ्यात आवडती आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. स्टेडियमच्या मागच्या पार्किंगमध्ये ट्रक लागलेले असतात, आणि शोच्या साधारण तासाभर आधी ड्रमवाले तिथे अर्धवर्तुळ करून वॉर्मअप करतात. मधे मेट्रोनोमचं टॉक टॉक टॉक स्पीकरवर, आणि सगळे एका हाताचे आठ, दुसऱ्या हाताचे आठ, तेच ते, तेच ते. तुम्हाला लांबूनच ते ऐकू येईल आणि पाय आपोआप वळतील. वळू द्या. पण उभं राहायचं ते लांब, बाकीचे ऐकणारे उभे असतात त्यांच्या मागे, दोन गाड्यांच्या मधे. नजरेला नजर द्यायची नाही, हात हलवायचा नाही. तुमच्या ओळखीचं पोरगं आता सिनियर असेल, तुम्हाला बघून हसेल आणि एक ठोका सांडेल, आणि त्याचा इन्स्ट्रक्टर आधी त्याच्याकडे बघेल मग तुमच्याकडे.

माझं काय झालं ते सांगते. वॉर्मअप संपला की बँड दोन-दोनच्या रांगेत गेटकडे निघतो, एकदम शांत, बोलायचं नाही, मान सरळ, फक्त एक जण स्नेअरच्या रिमवर टक टक देत असतो त्यावर पावलं. मी चार वर्षं त्या रांगेत चालले होते, मला नियम माहीत नव्हता असं म्हणायला तोंड नाही. तरी मी रांगेच्या बाजूने चालत चालत माझ्या जागी आलेल्या मुलीला हळूच म्हटलं, ऑल द बेस्ट हं. तिने पापणीसुद्धा हलवली नाही. मला वाटलं ऐकू नाही आलं, परत म्हटलं. मागून सेक्शन लीडर, जो मी असताना नववीत होता आणि ज्याला हार्नेसचे स्क्रू कसे पिळायचे ते मी शिकवलं होतं, तो समोर बघतच म्हणाला, "प्लीज. नॉट नाऊ." मी जागच्या जागी थांबले, रांग पुढे गेली. वाईट वाटलं, रागही आला, आणि स्टँडकडे चढता चढता लक्षात आलं की त्याला हे मीच शिकवलंय.

वर चढायचंच. जुन्या मेंबरांची खोड म्हणजे खाली रेलिंगपाशी बसायचं, पोरं जवळून दिसतात म्हणून. खालून तुम्हाला फक्त पिटचे स्पीकर ऐकू येतील आणि टोप्यांची रांग दिसेल. ड्रिल, म्हणजे कुणी कधी कुठे चालत जायचं याचा आराखडा, लिहिलेलं असतं वरून बघायला, बहुतेक जजेस पण वर प्रेस बॉक्समध्ये असतात. पन्नास यार्डाच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या रेषेच्या आसपास, जितकं वर मिळेल तितकं वर. तिथून मैदान कागदासारखं दिसतं आणि तुम्ही चार वर्षं ज्याला नुसता 'सेट नंबर अमुक' म्हणत होतात तो आकार काय होता ते कळतं.

वरून आणखी एक गोष्ट कळते, आवाज उशिरा येतो. मैदानाची रुंदी ५३ यार्डाच्या थोडी वर, म्हणजे साधारण ४९ मीटर. मागच्या रेषेवरून वाजवलेला ठोका पुढच्या रेषेपर्यंत यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. ऐकायला काहीच नाही, पण १६० च्या टेम्पोला एक बीटच मुळी ०.३७५ सेकंदाची, म्हणजे मागचा माणूस पुढच्याचं ऐकून वाजवायला लागला की एका बीटच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त मागे पडतो, आणि ते वर जाईपर्यंत आणखीच पसरतं. म्हणून मागच्यांनी कानांवर विश्वास न ठेवता ड्रम मेजरच्या, म्हणजे पुढे उभं राहून हातांनी ताल देणाऱ्या पोराच्या, हातांकडे बघायचं आणि पिटवाल्यांनी उलट मागच्या ड्रमचं ऐकून त्यावर बसायचं. आम्हाला हे रोज ओरडून सांगायचे, "कान बंद, डोळे उघडे," आणि मला वाटायचं काहीतरी खुळचटपणा आहे. वर बसून जेव्हा एका दुसऱ्या बँडचे ट्रम्पेट आणि ड्रम वेगवेगळे पोचले, जणू दोन गाणी चाललीत, तेव्हा पटलं.

बघायचं काय? एकदाच, सुरुवातीला, तुमच्या सेक्शनकडे बघून घ्या. मन भरून बघा, कोण उंच झालंय, कोणाच्या टोपीवरचा प्लूम, म्हणजे तुरा, वाकडा आहे. मग सोडा आणि सगळं मैदान बघा. तिरक्या रेषा बघा, सरळ रेषा कुणालाही जमते, पण चालता चालता तिरकी रेषा तिरकी ठेवणं अवघड. साधं पाऊल पाच यार्डात आठ, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, पण तिरकं जाताना, वळताना प्रत्येकाचं माप वेगळं, आणि तरी सगळ्यांनी एकाच बीटला पोचायचं. एखादं पोरगं चुकलं तर बहुतेक वेळा त्याने डॉट, म्हणजे आपली ठरलेली जागा, सोडलेला नसतो, शेजारचा चुकला म्हणून ते त्याच्याशी जुळवून घेत असतं. मी दहावीत हे केलंय आणि बारावीतसुद्धा केलंय.

मार्कांचं थोडं कळलं तर डोकं शांत राहतं. बँड्स ऑफ अमेरिकात शंभरातले साठ मार्क जनरल इफेक्टला, म्हणजे शो बघून अंगावर काटा आला का त्याला, आणि वादनाच्या आणि चालण्याच्या सफाईला वीस-वीस. त्यामुळे "एवढं स्वच्छ वाजवलं तरी खाली कसे" असं वाटलं तर उत्तर बहुतेकदा तिथे असतं. शेवटी कॅप्शनवार, म्हणजे विभागवार, आकडे येतात ते बघा, नुसता नंबर बघून जजेसच्या नावाने बोटं मोडत बसू नका. पालक बसतात, बसू देत.

ओरडायचं कधी हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मोठ्या हिटला ओरडा, ड्रम ब्रेकला ओरडा, गार्डने रायफल सहा वेळा फिरवून पकडली तर घसा फाटेपर्यंत ओरडा आणि पडली तर अजिबात अरेरे करू नका, ऐकू जातं त्यांना. पण मधे बॅलड असतं, हळू भाग, त्यात एक शांतता येते, अगदी एकच क्लॅरिनेट किंवा काहीच नाही. मी ती शांतता म्हणजे शो संपला असं समजून शिट्टी मारली होती. गणपतीत शिकलेली, दोन बोटांची. तीन रांगा वळून बघत होत्या. बाबा माझ्या शेजारी बसले होते, ते उठून दोन जागा पलीकडे जाऊन बसले.

मोबाईलवर शूट करू नका. संगीताचे हक्क असतात, मोठ्या स्पर्धांत मनाईच असते, आणि व्हिडिओत आवाज पत्र्याचा येतो. शिवाय शूट करताना तुम्ही परत एकदा शो न बघता एका छोट्या चौकोनाकडेच बघत बसता. चार वर्षं मान बघितली तेवढं पुरे.

आता भेटणं. शो संपला की बँड ट्रकपाशी जातो, तिथे डायरेक्टर बोलतात, पाणी पितात, काही रडतात, काही उगाच हसत सुटतात. ते दहा मिनिटं त्यांचे. लांब थांबा. घोळका पांगला, टोप्या निघाल्या, कुणी जमिनीवर आडवं पडलं की मग जा, आणि तेही कुणी हाक मारली तर उत्तम.

बोलायचं काय हे घरून ठरवून जा, कारण तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते "आमच्या वेळी" नेच. आमच्या वेळी एवढे प्रॉप्स नव्हते, आमच्या वेळी युनिफॉर्म लोकरीचा होता, आमच्या वेळी फायनल्सला गेलो होतो. कुणाला काही पडलेलं नसतं. वर बाकावर बसून "तिसऱ्या बासला जरा सांग मनगट सैल सोड" हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. त्याऐवजी एखादी नेमकी गोष्ट सांगा, "शेवटच्या वळणानंतर तुमचा ठोक्यांचा रन वरपर्यंत स्वच्छ ऐकू आला." पोरं हे वर्षभर लक्षात ठेवतात, कारण त्यांना स्वतःला ते कधी ऐकू येत नाही.

मदत करावीशी वाटते, हात शिवशिवतात, ट्रक भरताना तर फारच. पण विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका. टेक्ससमध्ये बऱ्याच ठिकाणी शाळेत मदतीला येणाऱ्या पालकांचीसुद्धा आधी नोंदणी आणि पार्श्वभूमी तपासणी होते, आणि ट्रकमध्ये काय कुठे बसतं हे दरवर्षी बदलतं. आमचे बाबा चार वर्षं प्रॉप्सच्या टीममध्ये होते, ऑफिसात मॅनेजर आणि शनिवारी ड्रिल मशीन घेऊन चाकं घट्ट करत पळणारे, त्यांनासुद्धा मी पास झाल्यानंतर नुसतं बाजूला उभं राहून बघावं लागलं. ते जास्त दुःखी होते माझ्यापेक्षा.

मदत करायचीच तर खायला द्या, पण बूस्टरना आधी विचारून. आणि वेळ सांभाळून, कारण युनिफॉर्म चढला की पाण्याशिवाय काही तोंडात घालायला परवानगी नसते. माझ्या वेळी... बघा, आलंच तोंडात, तर तेव्हा शाकाहारी पोरांना स्पर्धेच्या दिवशी चीज पिझ्झा आणि चीज पिझ्झा असे दोन पर्याय असायचे, म्हणून आई बटाटेवडे करून पाठवायची, पूर्ण ड्रमलाइनला, लसणाच्या चटणीसकट. आता दरवर्षी मी साठ-सत्तर वडे घेऊन जाते, वॉर्मअपच्या दोन तास आधी, फॉइलच्या ट्रेमध्ये, शेंगदाणे कशात आहेत ते वर लिहून, कारण अ‍ॅलर्जीची पोरं असतात. नाव सांगत नाही कुणाला, ट्रे टेबलावर ठेवते आणि सटकते. आता त्यांच्यात त्याला 'पोटॅटो बॉम्ब' म्हणतात असं कळलंय.

निकालापर्यंत थांबा. काही ठिकाणी सगळा बँड मैदानात उभा असतो, काही ठिकाणी नुसते ड्रम मेजर. खालून वर नंबर सांगत येतात, आणि आपलं नाव जितकं उशिरा तितकं बरं, पण फायनल्सला किती घेणार ते आधी नीट ऐकून ठेवा, नाहीतर माझ्यासारखं आठव्या नंबरला उड्या माराल.

मागच्या वर्षी ट्रकपाशी उभी होते. या वर्षीचा तिसरा बास, नववीतला, मिशी फुटायची आहे अजून, हार्नेस काढून खांदा चोळत बसला होता. खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ. माझ्या टीशर्टकडे बघून म्हणाला, तू पण बँडमध्ये होतीस? म्हटलं हो, तिसरा बास. कधी? म्हटलं २०१६ ला पास झाले. तो मनातल्या मनात हिशोब करत म्हणाला, तेव्हा मी प्री-स्कूलमध्ये होतो. मग शर्टाची कॉलर बाजूला करून तो वळ मला दाखवला आणि विचारलं, हे जातं का नंतर?

जातं, म्हटलं. डिसेंबरात.